वस्तीतल्या फुटबॉल क्लबचा इतिहास लिहायचा तर सुरुवात कुठून करावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. लोअर परळच्या चाळीतला एक फुटबॉल क्लब पन्नाशीला आला आहे. चाळ पुनर्विकासात चालली आहे आणि क्लबची खोली काही महिन्यांत रिकामी करायची आहे. स्थापना १९७४ ची की १९७८ ची, यावर ज्येष्ठांचं एकमत नाही. मध्ये एकदा नाव बदललं, जर्सीचा रंग तर तीनदा. नव्या कार्यकारिणीला स्मरणिका काढायची आहे आणि नवं बोधचिन्हही हवं आहे. सुरुवात कुठून करावी?

खोलीपासून करा. बोधचिन्ह सगळ्यात शेवटी. क्लब कोण आहे हे नक्की होण्याआधी बोधचिन्ह काढायला बसलं की फुटबॉल, गरुड आणि ढाल एवढंच हाती लागतं, आणि ते कुणाचंही असू शकतं.

खोली रिकामी होताना ट्रॉफ्या सगळे जपून नेतात. जातात ते कागद. वर्गणीच्या पावतीपुस्तकातल्या स्थळप्रती, इतिवृत्ताच्या वह्या, लीगच्या सामन्यांची सायक्लोस्टाइल वेळापत्रकं, खेळाडूंच्या नोंदणीचे फॉर्म, विजेची बिलं, भाडेपावत्या. हे सगळं रद्दीसारखं दिसतं, पण तारखा यांच्यातच असतात. एका रविवारी चार जणांनी बसायचं आणि काहीही हलवण्याआधी प्रत्येक फळीचा, प्रत्येक खणाचा जसा आहे तसा फोटो काढायचा. मग खोक्यांना क्रमांक द्यायचे आणि कुठल्या फळीवरचं काय कुठल्या खोक्यात गेलं ते एका वहीत लिहायचं. त्या दिवशी वर्गवारी करू नका. एकाच सुतळीत बांधलेला गठ्ठा तर अजिबात सोडू नका. तो बहुतेक वेळा एकाच सरचिटणीसाच्या कारकिर्दीतला असतो, आणि ज्या कागदावर तारीख नाही त्याचा काळ शेजारच्या कागदावरून कळतो. गठ्ठा विस्कटला की ही खूण कायमची पुसली जाते.

खोलीच्या भाडेपावत्या आणि वीजबिलं मात्र लगेच वेगळी काढून सुरक्षित ठेवा. खोली क्लबच्या नावावर आहे की एखाद्या जुन्या सभासदाच्या, हे त्यांवरून दिसतं. पुनर्विकासात क्लबला जागा मागायची असेल तर वकील पहिल्यांदा हेच कागद मागतील.

आता स्थापनेचं वर्ष. हा वाद सहसा स्मरणशक्तीचा नसतो. दोघेही बरोबर असतात, फक्त वेगवेगळ्या घटनांबद्दल बोलत असतात. वस्तीतल्या क्लबला एक नाही, चार आरंभ असतात: पोरं एका नावाखाली पहिल्यांदा खेळली ते वर्ष, वर्गणी आणि पदाधिकारी ठरले ते वर्ष, लीगमध्ये संघ दाखल झाला ते वर्ष आणि धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी झाली ते वर्ष. पहिल्या आणि चौथ्या वर्षात दहा-पंधरा वर्षांचं अंतर पडणं अगदी नेहमीचं आहे. त्यात गिरणगावातले बरेच संघ आधीच्या व्यायामशाळेच्या किंवा सार्वजनिक गणेशोत्सव मंडळाच्या पोटातून निघाले. तिथे मंडळाचं स्थापनावर्ष आणि फुटबॉल संघाचं वर्ष यांची सरमिसळ होते.

चारही वर्षं वेगवेगळी शोधा आणि स्मरणिकेत चारही छापा. १९७४ ला गल्लीतली स्पर्धा खेळल्याचं दोन-तीन जण स्वतंत्रपणे सांगत असतील आणि पहिलं पावतीपुस्तक १९७८ चं असेल, तर ‘१९७४ पासून खेळ, १९७८ ला स्थापना’ असं सरळ लिहा. ज्येष्ठांनाही ते पटतं, कारण कुणालाच खोटं ठरवलेलं नसतं. बोधचिन्हावर जे एक वर्ष घालायचं ते मात्र कागद असलेलंच घाला.

नोंदणीचं वर्ष काढणं सोपं आहे. महाराष्ट्रात अशा संस्था १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली अशा दोन्हीकडे नोंदलेल्या असतात, म्हणून प्रमाणपत्रंही दोन असतात. दुसऱ्यावरचा क्रमांक ‘एफ’ने सुरू होतो. प्रमाणपत्र सापडत नसेल तर धर्मादाय आयुक्तांच्या वरळीच्या कार्यालयातून परिशिष्ट एकच्या उताऱ्याची प्रमाणित प्रत मागवा. त्यात नाव, पत्ता, विश्वस्त आणि मंजूर झालेले बदल क्रमाने दिसतात. इथेच बहुतेक क्लबांना धक्का बसतो, कारण कागदोपत्री विश्वस्त म्हणून अजून वीस वर्षांपूर्वी वारलेली माणसं असतात. विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम २२ प्रमाणे कार्यकारिणी किंवा पत्ता बदलला की ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो, आणि तो वर्षानुवर्षं दिलेला नसतो. नाव बदललं तेव्हाही नोंद झाली नसेल, तर कायद्याच्या दृष्टीने तुमचा क्लब अजून जुन्याच नावाचा आहे. इतिहास लिहिता लिहिता हे उघड झालं तर विलंबमाफीच्या अर्जासह ते आधी दुरुस्त करून घ्या. जागेचा हक्क, बँक खातं, बोधचिन्हाची मालकी, सगळं त्यावर उभं राहतं.

ज्या कागदावर तारीख नाही त्याचा काळ कसा ठरवायचा? पत्त्याकडे बघा. सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला आला. लेटरहेडवर ‘४०० ०१३’ असेल तर ते त्यानंतरचं, हे पक्कं. उलट मात्र खरं नाही: ‘मुंबई १३’ असं लिहायची सवय पुढे कित्येक वर्षं टिकली, त्यामुळे दोन आकडी क्रमांक म्हणजे १९७२ च्या आधीचा कागद असं समजू नका. ‘बॉम्बे’चं ‘मुंबई’ १९९५ ला झालं, पण ही खूण फक्त इंग्रजी मजकुराला लागू पडते, मराठीत आपण आधीपासून मुंबईच लिहीत होतो. आठ आकडी दूरध्वनी क्रमांक या शतकातला. संघाच्या यादीत ‘इनसाइड लेफ्ट’, ‘सेंटर हाफ’, ‘आउटसाइड राइट’ अशा जागा असतील तर यादी करणारा माणूस पाच फॉरवर्डच्या जुन्या रचनेत वाढलेला होता. त्यावरून माणसाचं वय कळतं, सामन्याचं वर्ष नाही. फोटोत काळ्या-पांढऱ्या ३२ तुकड्यांचा चेंडू दिसला तर फोटो बहुधा १९७० च्या विश्वचषकानंतरचा, कारण तो चेंडू तिथून जगभर पसरला. लेसवाला तपकिरी चेंडू मात्र गल्लीत बराच काळ फिरत राहिला, त्यावरून काही ठरवू नका.

माणसांकडून तारीख काढायची तर ‘कोणत्या वर्षी?’ असं विचारू नका. आकडा सांगायचा म्हणून माणूस काहीतरी आकडा सांगतो, आणि तो एकदा तोंडून गेला की त्यालाच धरून बसतो. त्याऐवजी टेकू द्या. संपाच्या आधी की नंतर? गिरणी संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला, आणि परळ-लालबागच्या प्रत्येक घराला त्याच्या अलीकडचं-पलीकडचं आठवतं. तसेच १९७४ चा रेल्वे संप, आणीबाणी, ९२-९३ च्या दंगली, २६ जुलै २००५ चा पाऊस. कुणाचं लग्न झालं होतं का, कोण कामाला लागला होता, गिरणीत पाळी कुठली होती, बूट होते की अनवाणी खेळायचे, बूट कुणाचे होते. असे पाच-सहा प्रश्न विचारले की वर्ष एक-दोन वर्षांच्या फरकाने आपोआप समोर येतं.

प्रत्येकाशी आधी एकेकट्याने बोला, गटात नंतर. गटात जो मोठ्याने बोलतो त्याची आठवण सगळ्यांची होऊन जाते. एका बैठकीला तासभर पुरे. फोन टेबलावर ठेवून रेकॉर्ड करा, सुरुवातीलाच नाव, तारीख आणि ‘हे छापायला माझी हरकत नाही’ एवढं त्यांच्याच आवाजात घ्या. जुना संघाचा फोटो दाखवायचा तर त्याची झेरॉक्स न्या, प्रत्येक चेहऱ्यावर आकडा घाला आणि निदान तिघांकडून स्वतंत्रपणे नावं लिहून घ्या. जिथे तिघांचं जुळत नाही तिथे नाव छापू नका. आणि खेळाडूंबरोबरच धुणं धुणाऱ्या, लिंबू-पाणी देणाऱ्या, वर्गणी मागत फिरणाऱ्या माणसांकडेही जा. क्लब कुणाच्या पैशावर चालला हे त्यांना जास्त माहीत असतं.

मुंबईच्या वस्तीतल्या क्लबचा इतिहास लिहिताना सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो खेळाडू नक्की कुणाचा या प्रश्नावर, आणि माझ्या मते या शहराच्या फुटबॉलची खरी गोष्ट तिथेच आहे. इथे बरीच वर्षं फुटबॉलपटूला नोकरी मिळायची ती खेळावर: टाटा, महिंद्रा, मफतलाल, ऑर्के मिल्स, एअर इंडिया, रेल्वे, बँका, आरसीएफ (राष्ट्रीय केमिकल्स हा खत कारखाना). चांगला खेळाडू वस्तीच्या संघात तयार व्हायचा, अठराव्या-विसाव्या वर्षी कंपनीच्या संघात जायचा आणि लीगमध्ये कंपनीच्या नावाने खेळायचा. सुटीच्या दिवशी गल्लीच्या, सात-सात खेळाडूंच्या स्पर्धेत मात्र तो पुन्हा आपल्या वस्तीचा असायचा. त्यामुळे क्लबच्या लीगच्या यादीत त्याचं नाव एक-दोन हंगामच सापडतं आणि नवी पोरं विचारतात, मग हा आपला कसा?

तो आपलाच. पण लिहिताना तीन रकाने करा: क्लबमध्ये कधी खेळायला लागला, क्लबकडून लीगला कधी नोंदला होता, नोकरीच्या संघात कधी गेला. मग एक चित्र आपोआप दिसू लागतं. गिरण्या बंद पडल्या, नंतर कंपन्यांनी संघ गुंडाळले. महिंद्रा युनायटेडसारखा २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकलेला संघ २०१० ला बंद झाला. म्हणजे वस्तीच्या क्लबातून वर जायची शिडीच निघून गेली. तुमच्या क्लबचा संघ नव्वदच्या दशकात कमजोर का पडला याचं उत्तर ‘पोरांना आवड राहिली नाही’ असं दिलं जातं. सभासदांच्या यादीपुढे त्यांची नोकरी आणि पत्ता लिहून पाहा. किती जण डोंबिवली, विरार, नवी मुंबईला गेले ते मोजा. आवडीपेक्षा घर आणि नोकरी जास्त बोलताना दिसतील.

मोठे दावे तपासताना शब्द नीट ऐका. ‘तो इंडिया खेळला’ याचा अर्थ भारतीय संघ, भारतीय संघाचं शिबिर, संतोष ट्रॉफी (राज्यांच्या संघांची राष्ट्रीय स्पर्धा) किंवा कंपनीचा अखिल भारतीय पातळीवरचा संघ, यांपैकी काहीही असू शकतो. संतोष ट्रॉफी १९४१ पासून आहे आणि तिच्यात महाराष्ट्र राज्य होण्याआधी इथला संघ ‘बॉम्बे’ म्हणून उतरायचा, हे जुन्या कात्रणांत शोधताना लक्षात ठेवा. ‘रोव्हर्स खेळलो’ हाही असाच दावा. रोव्हर्स कप १८९१ ला सुरू झाला, मुंबईच्या कूपरेज मैदानावर रंगायचा आणि २०००-०१ नंतर झाला नाही. क्लब म्हणून उतरलात, की तुमचा खेळाडू दुसऱ्या संघातून उतरला, की कूपरेजवर दुसऱ्याच स्पर्धेचा सामना झाला, हे वेगळं करा. कूपरेजवर खेळणं ही स्वतःच अभिमानाची गोष्ट आहे, तिला रोव्हर्सचं नाव चिकटवायची गरज नाही.

पुरावा मिळतो वर्तमानपत्रांत. मराठी दैनिकांच्या क्रीडापानावर जागा क्रिकेट, कबड्डी, खो-खोला जास्त असायची. स्थानिक फुटबॉलचे निकाल इंग्रजी दैनिकांत बारीक टाइपात एका ओळीत सापडायची शक्यता अधिक. दोन्ही बघा. दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आणि टाउन हॉलमधली एशियाटिक सोसायटी ही दोन ठिकाणं आधी गाठा, कुठली फाइल कुठल्या वर्षांची आहे ते फोनवर विचारून जा. सरळ वर्ष चाळत बसू नका. ट्रॉफीवर कोरलेल्या तारखेपासून चार दिवस पुढेपर्यंत बघा. क्लबचं नाव चार तऱ्हांनी छापलेलं असेल, आद्याक्षरांत, ‘स्पोर्ट्स क्लब’ लावून, ‘बॉइज’ लावून, परळचं परेल करून. त्या सगळ्यांची यादी आधी करून न्या. मुंबईच्या लीगसाठी हार्वूड लीग हे जुनं नाव शोधा. विभागांची नावं आणि संख्या बदलत गेली, म्हणून ‘दुसऱ्या डिव्हिजनमध्ये होतो’ एवढ्यावरून कुठल्या पातळीवर होतो ते कळत नाही. त्या वर्षी वर किती विभाग होते ते सोबत लिहा. अलीकडच्या खेळाडूंची नोंद अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या संगणकीय नोंदणीत आहे, ते काम घरबसल्या होईल.

फोटोंबाबत घाई करू नका आणि लॅमिनेशन तर कधीच करू नका. आपल्याकडे जुना फोटो सापडला की पहिलं काम लॅमिनेशनचं होतं. उष्णतेने आणि गोंदाने फोटो कायमचा चिकटतो, पुढे सोडवता येत नाही. चिकट पानांचे अल्बमही तसेच. फोटो निघत नसेल तर ओढू नका, पानासकट स्कॅन करा. पोस्टकार्डाएवढ्या फोटोला ६०० डीपीआय पुरतं, निगेटिव्हला २४०० लागतं. मूळ स्कॅन टिफमध्ये ठेवा, वाटायला जेपीजी करा. फोटोची मागची बाजूही स्कॅन करा, स्टुडिओचा शिक्का आणि पेनने लिहिलेली नावं तिथेच असतात. मागे लिहायचं झालं तर मऊ पेन्सिलने, कडेला. फोटो मागवताना व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, साध्या फोटोसारखा पाठवला तर त्याचा आकार कमी होतो आणि छपाईत चेहरे फुटतात. कात्रणांना सेलोटेप लावू नका. वर्तमानपत्राचा कागद आम्लामुळे पिवळा पडून तुटतो, म्हणून लगेच चांगल्या कागदावर प्रत काढा आणि मूळ वेगळं ठेवा.

मुंबईत खरा शत्रू दमट हवा. पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात बुरशी येतेच. कपाट आतल्या भिंतीला, भिंतीपासून चार बोटं सोडून, जमिनीपासून वीतभर वर. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि पावसाळ्याआधी बदला. स्कॅनच्या तीन प्रती, त्यांतली एक दुसऱ्याच वस्तीत राहणाऱ्या सभासदाकडे.

ट्रॉफ्या घासण्याआधी वाचा. चांदीचं पाणी दिलेल्या ट्रॉफीवर पितळेची पॉलिश जोरात चोळली की वरचा थर आणि उथळ कोरीव अक्षरं दोन्ही जातात. बाजूने तिरपा टॉर्च धरून फोटो काढा, तरीही वाचता येत नसेल तर पातळ कागद ठेवून पेन्सिल फिरवा. फिरत्या चषकाच्या बैठकीवरच्या पट्ट्यांवर इतर विजेत्यांची नावं वर्षांसकट असतात. तेवढ्यावरून ती स्पर्धा किती वर्षं चालली आणि तुम्ही कुणाबरोबर खेळत होता हे कळतं.

एवढं झालं की नाव, रंग आणि बोधचिन्ह. जर्सीचा रंग बदलला यामागे बहुतेक क्लबांत मोठा विचार नव्हता. धोबीतलावच्या दुकानात चौदा जर्सी एका रंगात मिळाल्या, किंवा प्रायोजकाने दिल्या, तो रंग झाला. ते तसंच लिहा आणि आता जो रंग सगळ्यात जास्त वर्षं अंगावर होता तो निवडा. रंगाचा पॅन्टोन क्रमांक (छपाईतला रंगाचा ठरलेला क्रमांक) लिहून ठेवा, ‘मरून’ म्हटलं तर प्रत्येक शिवणारा वेगळा मरून देतो. प्रायोजकाच्या नावाने एखाद्या हंगामात संघ उतरला असेल तर ते नाव इतिहासात द्या, नावांच्या परंपरेत घालू नका.

बोधचिन्ह छातीवर सात-आठ सेंटिमीटरचं असतं, त्याच आकारात छापून दोन हात लांबून बघा. भरतकामात एक मिलिमीटरपेक्षा बारीक रेघ टिकत नाही. रोमन अक्षर पाच मिलिमीटर उंचीचं चालतं, पण देवनागरीला वेलांटी, मात्रा, जोडाक्षरं सांभाळायची असल्याने आठच्या खाली जाऊ नका. व्हेक्टर फाइल (कितीही मोठी केली तरी न फुटणारी) घ्या, आणि एका रंगातली प्रतही करून घ्या, कारण रबरी शिक्का आणि पावतीपुस्तक एकाच रंगात असतं.

बोधचिन्ह वस्तीतल्याच एखाद्या मुलाने काढलं तरी हक्क क्लबला दिल्याचं लेखी घ्या, आणि त्यात मुदत व क्षेत्र स्पष्ट लिहा. मुदत लिहिली नाही तर कॉपीराइट कायद्याप्रमाणे ती पाचच वर्षांची धरतात. ट्रेडमार्क करायचा तर खेळासाठी वर्ग ४१, जर्सी विकायच्या असतील तर वर्ग २५. संस्थेला ऑनलाइन अर्जाला एका वर्गाचे ९,००० रुपये पडतात आणि नोंदणी १० वर्षांची. अर्ज संस्थेच्या नावाने करा. व्यक्तीच्या नावाने तो निम्म्या पैशांत होतो म्हणून अध्यक्षांच्या नावावर केला तर उद्या ते पद सोडतील तेव्हा बोधचिन्ह त्यांच्याबरोबर जाईल. नावात ‘शिवाजी’ असेल किंवा चिन्हात महाराजांचं चित्र असेल तर आधी सल्ला घ्या, १९५० च्या बोधचिन्हे व नावे कायद्याच्या अनुसूचीत ते आहे आणि ट्रेडमार्क म्हणून नोंद होत नाही.

स्मरणिकेचा मजकूर छापायला देण्याआधी त्याच्या पंधरा-वीस झेरॉक्स प्रती काढा, उजवीकडे रुंद समास सोडून, आणि ज्येष्ठांना पंधरा दिवस द्या. पेनने केलेल्या दुरुस्त्या सहीनिशी परत घ्या आणि त्या प्रतीही कपाटात ठेवा. कागदावर सिद्ध झालेलं आणि ऐकीव यांत फरक दिसेल असं लिहा, ‘ज्येष्ठ सांगतात’ एवढे दोन शब्द पुरतात. पानं सोळाच्या पटीत बसवा, नाहीतर छपाईवाला कोऱ्या पानांचेही पैसे लावेल. छापून झाल्यावर दोन प्रती मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाला आणि एक मुंबई फुटबॉल असोसिएशनला पोच घेऊन द्या.